काचेवरचं बोट

माक रासेमच्या खानावळीची काच फुटली ती मंगळवारी दुपारी पावणेबाराला, आणि ती फोडली पाक कुस्नान यांनी. यात वादाला जागाच नव्हती. साक्षीदार सात होते, आणि ज्या हत्याराने काच फुटली ते, म्हणजे घड्याळाची पाठ उघडायची पोलादी पट्टी, अजून आरोपीच्या हातातच होतं. कपाळावर घड्याळजीचं भिंगही तसंच चढवलेलं होतं. तीन डोळे असून एकानेही काही न दिसलेल्या माणसासारखे ते बाकावर बसून होते.

जाकार्तात, मात्रामानमधल्या त्या गल्लीत, पाक कुस्नान यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान खानावळीच्या अगदी समोर. तिथे पुरुषाला आदराने पाक म्हणतात, बाईला बु आणि आईला माक. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि मागे एक खोली. एकोणीस वर्षं ते दिवसातून दोनदा गल्ली ओलांडून जेवायला येत होते. तेगलकडच्या, म्हणजे मध्य जावातून आलेल्या बायकांच्या खानावळीत तोंड उघडायचं ते घासासाठी, मागायचं काम बोटाचं. बाकाच्या पुढ्यात काचेचं कपाट, कपाटात वीस-बावीस थाळ्या. गिऱ्हाईक काचेवर बोट टेकवतं, पलीकडचा हात बरोबर त्या थाळीत जातो. "हे. ते. त्याच्या मागचं." संपलं. पाक कुस्नान यांना मात्र नुसतं बोट टेकवून समाधान होत नसे. ते टकटक करत. बंद घड्याळाला टिचकी मारून चालू करायची सवय, ती अंड्यालाही लागू केलेली.

त्या दिवशी ते पट्टी खाली ठेवायला विसरले होते, एवढीच चूक. पण विसरायलाही कारण होतं. ताटलीत भात घालता घालता खानावळीच्या मालकीण बु तुरिना त्यांना म्हणाल्या होत्या, "पाक, ही माझी शेवटची खेप. उद्या आमची धाकटी, वार्ती, आली की तिला सांगणार आहे. गुडघा आता माळ्याची शिडी चढू देत नाही."

यावर माणसाने काही तरी बोलायला हवं. पाक कुस्नान यांना काही सुचेना, म्हणून त्यांनी अंडं मागितलं. एकदा टकटक, दोनदा टकटक. तिसऱ्या वेळी काचेतून बर्फ तडकल्यासारखा आवाज आला, आणि समोरची सगळी काच, तिच्यावरच्या माक रासेमच्या निळ्या नावासकट, थाळ्यांमध्ये जाऊन बसली.



"काय हवं होतं पाक?" बु तुरिनांनी विचारलं.

"अंडं."

"आता नाही मिळणार."

मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल कमरेला खोचला आणि एकेक थाळी उचलून मागच्या पिंपात रिकामी करायला सुरुवात केली. नारळाच्या दुधातली फणसाची भाजी गेली. लाल मिरचीतली अंडी गेली. वांगी गेली, तळलेले मासे गेले, सोयाबीनचा परतलेला टेम्पे गेला, चिंचेची आमटी गेली. ज्या थाळ्यांत काच पडलेली कोणाला दिसत नव्हती, त्याही गेल्या.

"बु, ती कोपऱ्यातली भेंडी चांगली आहे," रिक्षावाला जामाल काकुळतीने म्हणाला. "तिकडे काच पोचलीच नाही. मी पाहिलंय."

"तू पाहिलंस?"

"पाहिलं."

"गेल्या आठवड्यात त्याच डोळ्यांनी तू रिक्षा पोलिसाच्या पायावर घातलीस," बु तुरिना म्हणाल्या, आणि भेंडी पिंपात गेली.

पहाटे तीनला उठून रांधलेलं सगळं गेल्यावर त्यांनी चूल पुन्हा पेटवली, सात जणांना सात ऑम्लेटं करून घातली, वर ठेचा आणि भात. पाक कुस्नान यांनाही मिळालं. त्यांचं जरा करपलं होतं. मुद्दाम का, हे विचारायची त्यांची छाती झाली नाही.

खेप म्हणजे काय ते गल्लीतल्या पोरासोरांना ठाऊक होतं. तेगलकडची खानावळ कधी एका घराची नसते. चार महिने एकीने चालवायची, चार महिने दुसरीने. एक शहरात डाव धरते तेव्हा दुसरी गावाकडे भाताची खाचरं, नातवंडं आणि दोन्ही घरांच्या किल्ल्या सांभाळते. खेप बदलते त्या दिवशी सकाळी सहाची बस एकीला आणते आणि अकराची बस दुसरीला घेऊन जाते. मध्ये पाच तास. त्यात सकाळची गिऱ्हाइकं, तांदळाचा डबा किती भरलाय, गॅस कधी बदलला, गावाकडे कोणाला पोर झालं, कोण गेलं, सगळं उरकायचं.

बु तुरिना आणि त्यांची धाकटी बहीण वार्ती यांचं बारा वर्षं हेच चाललं होतं. उशी एक, मच्छरदाणी एक, माळ्याच्या शिडीखाली काढून ठेवायच्या चपलांचा जोडही एकच. दोघींनी सगळं वाटून घेतलं होतं, फक्त एकमेकींचा सहवास तेवढा वाट्याला आला नव्हता. ईदचे दहा दिवस खानावळ बंद असते, तेव्हा दोघी गावी असतात, खरं आहे. पण ईदला घरात चाळीस माणसं असतात, आणि चाळीस माणसांत बहीण बहिणीला दिसत नाही, नुसती ऐकू येते: "ती मोठी परात कोणी नेली?"

बु तुरिना चौदाव्या वर्षी आईबरोबर शहरात आल्या त्या ताटल्या धुवायला. आज साठी ओलांडली. आईने, म्हणजे माक रासेमने, याच चुलीवर दोन मुलींची लग्नं केली आणि गावी दोन घरं बांधली, शेजारी शेजारी. पुढे खांब, हिरव्या फरशा, वरचा मजला; बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की इथे जिल्ह्याची कचेरी आहे. एकेका घरात चार मोऱ्या आहेत. बु तुरिना बहुतेक आयुष्य झोपल्या मात्र चुलीवरच्या माळ्यावर, जिथे उठून बसलं की डोकं पत्र्याला लागतं. कोणी त्याबद्दल कीव केली तर त्या म्हणत, "घर गावात दिसायला असतं. झोपायला माळा पुरतो."

गिऱ्हाइकांची नावं त्यांना येत नसत, थाळ्या येत. "वांगं-टेम्पे दोन दिवस आला नाही," असं म्हणून त्यांनी एकदा चौकशीला माणूस धाडला, तर वांगं-टेम्पे, म्हणजे छापखान्यातला एक अबोल माणूस, तापाने फणफणलेला निघाला. तीन दिवस त्याच्याकडे भाताची पेज जात होती. पाक कुस्नान यांचं नाव होतं अर्धा-अर्धा. डॉक्टरांनी भात निम्मा करायला सांगितल्यापासून ते आधी अर्धा भात मागत, तो संपला की आणखी अर्धा, आणि डॉक्टरांचा शब्द पाळल्याच्या समाधानात घरी जात. रोज्यांच्या महिन्यात खानावळीला पडदा लागे, पडद्याखाली जेवणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. तेव्हा बु तुरिना पायांवरूनही थाळी ओळखत, आणि संध्याकाळी त्याच पायांचा मालक रोजा सोडायला सगळ्यांत आधी मशिदीत पोचला तरी चेहऱ्यावर काही दाखवत नसत.

सहा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले, तेव्हा बु तुरिना इथे खेपेवर होत्या. निरोप आला तेव्हा हातात आमटीचा डाव होता. त्या गावी पोचायच्या आत वार्ती गावाहून निघाली होती. दोघींच्या बसेस वाटेत कुठे तरी एकमेकींना ओलांडून गेल्या असणार. वार्तीने त्यांची उरलेली खेप केली, मग लगेच स्वतःची केली, आणि सहा महिने एकदाही "कधी येतेस" म्हणून विचारलं नाही. पुढच्या वर्षी बु तुरिना एक खेप जास्त राहिल्या. त्यावर दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत. पाक कुस्नान यांची बायको त्याच्या दोन वर्षं आधी गेलेली. कोण कधी गेलं हे ते थाळ्यांवरून लक्षात ठेवत, कारण त्या दोन्ही वेळेला त्यांच्या ताटलीत न मागता आमटी जास्त पडली होती.

तर अशा बु तुरिनांनी सांगितलं होतं, की ही शेवटची खेप. शेजारच्या गावचा एक जण त्यांचा हिस्सा मागत होता. त्याच्या शहरात सहा खानावळी. एकाच ठिकाणी रांधायचं आणि गाडीने सगळीकडे पोचवायचं. "गाडीने आलेल्या आमटीला कसला वास येतो?" असं जामालने विचारलं होतं आणि उत्तरही त्यानेच दिलं होतं, "गाडीचा."

करपलेलं ऑम्लेट खाऊन पाक कुस्नान तडक काचवाल्याकडे गेले. मापाचा कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आज संध्याकाळपर्यंत."

"परवा दुपारी," काचवाला म्हणाला.

"उद्या सकाळी खेप बदलायची आहे."

"मग खेपच परवा बदला."

हे उत्तर पाक कुस्नान यांनी घाबरत घाबरत बु तुरिनांना सांगितलं. त्यांना वाटलं होतं, त्या संतापतील. त्या नुसत्या शिडीला टेकून उभ्या राहिल्या. माक रासेमचा एक नियम होता: जसं मिळालं तसं द्यायचं. तांदळाचा डबा भरलेला, चूल घासलेली, काच पुसलेली. फुटकी वस्तू पुढच्या खेपेच्या गळ्यात मारायची नाही.

"मग परवा जाईन," त्या म्हणाल्या. "काच बसली की."

यात आपली काय पंचाईत होणार आहे, हे पाक कुस्नान यांच्या ध्यानात आलं ते रात्री अंथरुणावर पडल्यावर, आणि मग त्यांना झोप लागली नाही. बारा वर्षं दोघी बहिणी त्यांना गुपचूप एकच प्रश्न विचारत आल्या होत्या. खेप सुरू होऊन आठवडा झाला की वार्ती, भात वाढता वाढता, सहज विचारल्यासारखं करून: "यायुच्या वेळेला चिंचेची आमटी कशी असते?" यायु म्हणजे थोरली बहीण. चार महिन्यांनी बु तुरिना, अगदी त्याच सुरात: "वार्तीची आमटी कशी असते?" आणि पाक कुस्नान, भुकेला माणूस डावाशी भांडत नाही या न्यायाने, समोर जी असेल तिला सांगत: "तुमची बरी."

दोघी एका ठिकाणी कधी नसतच. खोटं बोलायला याहून सुरक्षित जागा साऱ्या शहरात नव्हती.

बुधवारी सकाळी सहाला वार्ती उतरली. हातात खारवलेल्या अंड्यांची टोपली, मोगऱ्याच्या वासाच्या चहाचे पुडे आणि वाणीचा अखंड पट्टा. बहीण शांत, ही बोलकी. काच नाही हे बघून तिने आधी कपाटाकडे पाहिलं, मग गल्लीपलीकडे.

"घड्याळजी?"

"तेच," बु तुरिना म्हणाल्या.

"मी सांगत होते ना. दहा वर्षं सांगतेय. तो माणूस एक दिवस टकटक करून भिंत पाडेल."

त्या दिवशी खानावळीत जे झालं ते गल्ली पुढे कितीतरी दिवस सांगत होती. माश्या बसू नयेत म्हणून दोघींनी सगळ्या थाळ्यांवर झाकणं घातली, आणि अकरा वाजता गिऱ्हाइकं आली तेव्हा कळलं, की वर्षानुवर्षं जेवणाऱ्या एकालाही पदार्थांची नावं माहीत नाहीत.

"मला ते द्या," जामाल म्हणाला.

"कोणतं ते?"

"ते नेहमीचं. तपकिरी."

"तपकिरी सात आहेत," वार्ती म्हणाली.

"चौकोनी तपकिरी."

"चौकोनी तीन आहेत."

वांगं-टेम्पे मात्र आला, बसला आणि अत्यंत स्पष्ट आवाजात म्हणाला, "वांगं. टेम्पे." त्याचा आवाज कसा आहे हे गल्लीला त्या दिवशी कळलं. पाक कुस्नान बोट वर करून बसले होते. काच नसल्यामुळे ते टेकवायचं कुठे हे बोटाला कळत नव्हतं.

"बोट खाली," वार्ती म्हणाली.

त्यांनी बोट खाली घेतलं.

मागे चुलीजवळ दोघी बहिणींच्या कोपराला कोपर लागत होतं. चूल एका बाईच्या मापाची. थोरलीने मिरच्या आडव्या चिरायच्या, धाकटीने येऊन म्हणायचं की आईने उभ्या चिरल्या असत्या. धाकटीने ताडगूळ घातला की थोरलीने डबा उचलून फळीवर ठेवायचा, इतक्या उंच, की धाकटीचा हात पोचू नये. वार्तीने स्टुलावर चढून डबा काढला. बु तुरिनांनी स्टूल नेऊन बाहेर ठेवलं. असं तासभर चाललं आणि मग गिऱ्हाइकांच्या लक्षात आलं, की आत भांडण चालू नाही. हसणं चालू आहे. दाबलेलं, नाकातून येणारं, माळ्यावर झोपलेल्या दोन मुली आई झोपल्यावर हसतात तसं.

त्या नादात चिंचेची आमटी दोघींनी मिळून केली, आणि तिथेच पाक कुस्नान यांचा घात झाला.

"पाकना विचार," वार्ती म्हणाली. "माझी आमटी तुझ्यापेक्षा बरी, हे ते मला दर खेपेला सांगतात."

डाव हवेत थांबला. "मला सांगतात की माझी बरी."

बाकावरची सगळी डोकी पाक कुस्नान यांच्याकडे वळली. छापखान्यातल्या अबोल माणसाने सुद्धा चमचा खाली ठेवला. पाक कुस्नान यांनी कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं, जणू त्यातून पळून जायची वाट दिसणार होती.

"बोला," वार्ती म्हणाली. "एकोणीस वर्षं खाताय."

"खरं सांगू?"

"खोटं सांगून झालंय."

"बु तुरिनांची आंबट असते," ते हळूच म्हणाले. "तुमची गोड असते. पण पहिल्या आठवड्यात कुठलीच आवडत नाही. जी आत्ताच गेलेली असते तिची हवीशी वाटते. सवय होते तोवर खेप बदलते."

वार्तीने ताडगुळाचा डबा उगीच उघडून बंद केला.

"आम्हाला आमटीशी काय करायचं होतं?" ती मग म्हणाली. "आई म्हणायची, हाताला चव आहे तोवर माणूस धड आहे. यायु बरी आहे का, असं विचारलं असतं, तर तुम्ही नुसतं 'बऱ्या आहेत' म्हटलं असतं. म्हणून आमटीचं विचारायचे."

बु तुरिनांनी पाक कुस्नान यांच्या ताटलीत आमटी वाढली. आंबटही नव्हती आणि गोडही नव्हती. पाक कुस्नान यांना पहिल्या दिवशी, पहिल्या घासाला आवडलेली ती एकुलती एक आमटी. त्यांनी ते सांगितलं नाही, पण आणखी अर्धा भात मागितला आणि त्यावर आणखी अर्धा, म्हणजे दीड.

अडीचच्या सुमाराला गर्दी ओसरली. पाक कुस्नान चहाचा पेला घेऊन रेंगाळले होते. बु तुरिना पाठ टेकायला म्हणून शिडीकडे गेल्या. वार्ती खारवलेली अंडी रचत होती. तिने सहज मान वळवली आणि पाहिलं.

तिची बहीण शिडी चढत नव्हती. पायऱ्यांकडे पाठ करून, बसून, दोन्ही हातांनी स्वतःला एकेक पायरी वर उचलत होती. उजवा पाय काठीसारखा सरळ पुढे धरलेला. तिसऱ्या पायरीवर थांबून श्वास घेतला, चौथीवर डोळे मिटले. तेव्हा वार्तीच्या हातातलं अंडं टोपलीत परत गेलं.

पाच तासांच्या भेटीत बहिणीचा गुडघा दिसत नाही. पाच तासांत बहीण उभीच असते, चुलीपाशी, टॉवेलला हात पुसत, आणि म्हणते की सगळं ठीक आहे.

"किती दिवस झाले?" वार्तीने विचारलं.

"कशाला?"

"असं चढायला."

"थोडे."

"थोडे म्हणजे किती?"

इथे पाक कुस्नान यांनी मध्ये पडायला नको होतं. पण काळजीने भरलेल्या माणसाचं तोंड आणि बोट सारखंच चालतं. "वर्ष झालं," ते म्हणाले. "म्हणून तर त्या म्हणाल्या की ही शेवटची खेप, हिस्सा त्या सहा खानावळीवाल्याला द्यायचा."

त्या आठवड्यात त्यांनी फोडलेली ही दुसरी गोष्ट.

बु तुरिना शिडीवर बसल्या होत्या, अर्ध्या वाटेत, ना वर ना खाली. वार्ती खाली उभी होती.

"मला कधी सांगणार होतीस?"

"आज. मग म्हटलं उद्या."

"गाडीने आमटी वाटणाऱ्या त्या माणसाला तू सांगितलंस, घड्याळजीला सांगितलंस. मला नाही."

"तुला सांगून काय झालं असतं? माझा पाय घेऊन तू चढणार होतीस?"

"चढले असते," वार्ती म्हणाली. "तुझी खेप घेऊन नव्हते का चढले?"

दोघींमध्ये सहा वर्षांत त्या गोष्टीचा उच्चार झाला नव्हता. बु तुरिनांनी टॉवेलने तोंड पुसलं, आणि जरा जास्त वेळ पुसलं.

"हिस्सा त्याला दिलास तर मी दुसऱ्या कोणाबरोबर खेप करणार नाही," वार्ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आईने दोन मुलींसाठी एक चूल केली. उरलेल्या एकीने तिच्यावर एकटीने काय रांधायचं? पण या शिडीवर तुला चढू देणार नाही. आता तूच सांग."

हे सांगणं काही सोपं नव्हतं. खानावळीत जमिनीवर झोपायला जागा नाही. चूल, पिंपं आणि तांदूळ यांच्या मध्ये मांजर झोपतं तेसुद्धा वळकटी करून. पाक कुस्नान यांनी पेला खाली ठेवला. मग पुन्हा उचलला.

"माझ्या दुकानामागे खोली आहे," ते म्हणाले. "जमिनीला लागून. दार गल्लीत उघडतं, कडी आतून. मी वरच्या मजल्यावर असतो. आत फक्त लोकांनी दुरुस्तीला टाकून परत न नेलेली भिंतीवरची घड्याळं आहेत. तीस-चाळीस असतील."

"तीस घड्याळांच्या टिकटिकीत झोप कशी लागणार?" वार्तीने विचारलं.

"बंद आहेत."

"सगळी?"

"सगळी."

"एकोणीस वर्षं दुरुस्त करताय ना?"

"म्हणूनच लोक परत न्यायला येत नाहीत," पाक कुस्नान कबूल झाले.

वरून, शिडीवरून, पुन्हा तो नाकातला हसण्याचा आवाज आला. वार्तीने मोर्चा व्यवहाराकडे वळवला. भाडं किती, पाणी कुठे, गल्लीचा मुखिया काय म्हणेल, मशिदीतल्या बायका काय म्हणतील. मुखिया रोज इथेच जेवतो, तो काही म्हणणार नाही. आणि मशिदीतल्या बायकांना तिने स्वतः सांगावं असं ठरलं, कारण तिच्यापुढे त्यांना काही म्हणायला वेळच मिळत नाही. सगळं ठरलं. फक्त जिच्यासाठी ठरलं ती बाई "बघू" एवढंच म्हणाली, आणि पायरीवरून तशीच बसत बसत खाली उतरली.

गुरुवारी दुपारी काच आली. स्वच्छ, कोरी, तिच्यापलीकडची वांगी आधीपेक्षा जास्त जांभळी दिसायला लागली. पण तिच्यावर नाव नव्हतं. नाव लिहिणारा रंगारी केव्हाच वारला होता. पाक कुस्नान म्हणाले, मी लिहितो. घड्याळाच्या तबकडीवरचे आकडे मीच तर रंगवतो. त्यांनी भिंग डोळ्यावर ओढलं, निळा रंग घेतला, एका केसाचा कुंचला घेतला आणि तासभर श्वास रोखून, अतिशय देखणं, माक रासेमचं नाव काढलं. तबकडीवर मावेल एवढं.

वार्तीने नाक काचेला लावून वाचलं. "हे वाचायला गिऱ्हाइकाला भिंग पण तुम्हीच देणार का?"

"पुसू का?"

"राहू दे," बु तुरिना म्हणाल्या. त्यांनी नाव पाहिलं, टॉवेलच्या टोकाने त्याच्या आजूबाजूची काच पुसली. नाव बरोबर त्या जागी होतं, जिथे एकोणीस वर्षं अर्धा-अर्धाचं बोट टकटक करत आलं होतं. मग त्यांनी तांदळाचा डबा उघडून वार्तीला दाखवला, चूल दाखवली, काच दाखवली. जसं मिळालं होतं तसं दिलं. वार्तीने मान हलवली आणि त्यांच्या पायातल्या चपला काढून स्वतःच्या पायात घातल्या. त्या खेपेच्या चपला होत्या.

अकराची बस काचेपायी हुकली होती. चारची मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावरून सुटते. टोपली पाक कुस्नान यांनी घेतली. रस्ता पाच मिनिटांचा, पण ते वाटेत प्रत्येक दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत थांबत होते, आणि "हे दोन मिनिटं मागे आहे," "हे पुढे आहे," असं काहीबाही पुटपुटत होते. प्रत्येक थांब्याला बु तुरिनांना उजवा पाय जरा सैल सोडता येत होता. सातव्या घड्याळाला त्या म्हणाल्या, "हे तर बरोबर दिसतंय."

"खात्री करून घेतो," पाक कुस्नान म्हणाले आणि आणखी थोडे थांबले.

बस लागलेली होती. बु तुरिना धड पाय आधी टाकून चढल्या, खिडकीजवळ बसल्या, टोपली मांडीवर घेतली. वाहक दार लावायला आला. पाक कुस्नान यांच्या मनात दोन दिवस जुळवलेलं एक लांबलचक वाक्य होतं. त्यात खोली होती, कडी होती, तीस बंद घड्याळं कुठे हलवायची ते होतं. पण बसचं इंजिन सुरू झाल्यावर त्यातलं एवढंच बाहेर आलं.

"बु, चार महिन्यांनी येणार ना?"

बु तुरिनांनी खिडकीची काच थोडी खाली केली.

"मी येईपर्यंत काचेला बोट लावू नका."